घोड्यावर चढतानाच खोगीर फिरतं आणि घोडा चालू पडतो, नेमकं काय चुकतंय?

दादर_पूर्व

नमस्कार मंडळी. वय ४२, वजन ७८ किलो, उंची ५ फूट ६ इंच. मुंबईतच एका क्लासमध्ये दोन महिने घोडेस्वारी शिकतोय. ट्रॉटपर्यंत (दुडक्या चालीपर्यंत) मांड बऱ्यापैकी टिकते. अडचण आहे ती त्याआधीच्या पाच सेकंदांची.

डावा पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) घालून वजन टाकलं की खोगीर माझ्याच बाजूला सरकतं, कधी कधी चांगलं चार बोटं. घोडा रेसमधून निवृत्त झालेला, साधारण १६ हात उंचीचा. पाय रिकिबीत गेला की तो चालू पडतो आणि मी उजव्या पायावर लंगडी घालत त्याच्या मागे. वर पोचलोच तर उजवा बूट त्याच्या पुठ्ठ्याला (पाठीच्या मागच्या भागाला) घासतो, मग तो आणखी बिथरतो. "उडी जोरात मारा" एवढीच सूचना मिळते. चढायला ओटा मागितला की "जमिनीवरूनच सवय लावा" असं उत्तर.

हा खरंच ताकदीचा प्रश्न आहे का? की तंग (पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा), खोगीर, घोडा यांत काही तपासायला हवं? पडलो तर कसं पडावं, हेही कोणी नीट सांगितलेलं नाही.

चामडं_आणि_टाका

ताकदीचा प्रश्न नाही. १६ हात म्हणजे ६४ इंच, ५ फूट ४ इंच, तेही खांद्याच्या उंचवट्यापर्यंत. तुमच्या उंचीला त्याची रिकीब जवळजवळ कमरेला येते. तिथून ७८ किलो एकाच बाजूला लटकले तर खोगीर थोडं तरी हलणारच. चार बोटं मात्र हलता कामा नये. तेवढं हलतंय म्हणजे तंग ढिला आहे किंवा खोगीर त्या घोड्याला बसत नाही.

आधी तंग. तो तीनदा तपासायचा असतो: खोगीर घालताना, चढायच्या अगदी आधी, आणि चढून पाचेक मिनिटं चालवल्यावर. पहिल्यांदा कसताना बरेच घोडे श्वास धरून छाती ताठ करतात. दोन मिनिटं चालवलं की ते स्नायू सैल पडतात, खालची गादीही दबते आणि कसलेला तंग एक-दोन भोकं ढिला निघतो. त्यामुळे साईसनं (घोड्याची निगा राखणाऱ्यानं) पागेत कसून आणलेल्या तंगावर विसंबून चढू नका. घोडा हातात धरून रिंगणात दोन फेऱ्या मारा, मग पुन्हा कसा.

किती कसायचा? घोड्याच्या छातीखाली, दोन पुढच्या पायांच्या मधोमध दोन बोटं सपाट घाला. अडकत जायला हवीत. सहज गेली तर ढिला, जातच नसली तर जास्त. बरेच जण बाजूला, खोगिराच्या पाख्याखाली (बाजूला लोंबणाऱ्या चामड्याखाली) हात घालून बघतात. तिथे बरगड्यांच्या गोलाईमुळे अंदाज चुकतो. तंगाची जागा पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटं. कसून झाल्यावर पुढचे दोन्ही पाय एकेक करून उचलून पुढे ताणा, म्हणजे तंगाखाली कातडीची घडी राहत नाही. ही घडी चिमटा काढते, आणि तुम्ही वजन टाकता त्याच क्षणी ती घोड्याला सगळ्यात जास्त टोचते.

तंग दोन्ही बाजूंनी सारखा कसा. एकाच बाजूनं ओढत गेलं की तो मधोमध राहत नाही.

आता एक गोष्ट, जी पाखा उचलल्याशिवाय दिसत नाही. इंग्लिश पद्धतीच्या खोगिराला प्रत्येक बाजूला तंग अडकवायच्या बहुधा तीन वाद्या (चामडी पट्टे) असतात. पहिली वादी स्वतंत्र पट्टीवर शिवलेली असते, दुसरी आणि तिसरी एकाच पट्टीवर. म्हणून तंग लावताना पहिली आणि दुसरी, किंवा पहिली आणि तिसरी वापरायची. दुसरी-तिसरी अशी जोडी लावली आणि ती एक पट्टी तुटली, तर त्या बाजूचा सगळा आधारच गेला.

मुंबईच्या हवेत चामड्याचा शत्रू बुरशी नाही, शिवण आहे. बुरशी दिसते, पुसता येते. दोरा आतून कुजतो तो दिसत नाही. रिकिबीचा पट्टा बकलाजवळ जिथे शिवलेला असतो तिथे दोन्ही हातांनी उलट्या दिशांना ताण द्या, टाके उघडतात का बघा. तंगाच्या वाद्यांची भोकं लांबट झालीत का, एकाचं दुसऱ्यात फाटत चाललंय का तेही बघा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा. भिजलेलं चामडं उन्हात किंवा हीटरजवळ वाळवायचं नाही, सावलीत पंख्याखाली. तेल बोटभरच. तेलानं थबथबलेला पट्टा मऊ पडून ताणतो.

सगळे जण डावीकडूनच चढत असल्यामुळे डाव्या रिकिबीचा पट्टा हळूहळू लांब होतो. दोन्हीकडे सातवं भोक लावूनही डावी रिकीब अर्धा इंच खाली लोंबते. दर एक-दोन महिन्यांनी डावा-उजवा पट्टा अदलाबदल करा.

आणि हे सगळं नीट असूनही खोगीर फिरत असेल, तर त्या घोड्याची पाठ रुंद आणि खांदा सपाट असावा, किंवा खोगिराचा सांगाडा त्याला मोठा होत असावा. जास्त कसून ते बरं होत नाही. अति कसलेल्या तंगानं घोडा श्वास कोंडल्यासारखा होतो आणि पाठ उचलून उसळी मारतो. खोगीर बदलायला सांगा, आणि ते बदलेपर्यंत ओट्यावरूनच चढा.

मांडपक्की

वर तंगाचं उत्तम लिहिलंय. मी चढण्याबद्दल लिहितो.

चढताना सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे उजवा पाय जमिनीवरून सुटल्यापासून तो पलीकडच्या रिकिबीत जाईपर्यंतचा. त्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही ना जमिनीवर असता, ना घोड्यावर. आधीची सगळी तयारी हा काळ कमी करण्यासाठी आणि त्यात घोडा हलू नये म्हणून.

हेल्मेट आधी, पट्टा बांधूनच घोड्याजवळ जायचं. मोटरसायकलचं चालत नाही, ते जड असतं आणि बाजूचं दिसणं-ऐकणं कमी करतं. सायकलचंही नाही, कारण घोडेस्वारीचं हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला खालपर्यंत झाकतं. भुवयांच्या वर दोन बोटं अंतरावर यायला हवं, आणि हेल्मेट हलवल्यावर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे.

घोड्याकडे जायचं ते खांद्याच्या रेषेत, बोलत. बरोबर नाकासमोर आणि बरोबर शेपटीमागे त्याला दिसत नाही. त्या दोन्ही ठिकाणी अचानक हात दिसला की तो दचकतो.

रिकिबीची लांबी खालूनच बघा. बोटांची टोकं पट्टा अडकवतात त्या दांडीला लावा, रिकिबीचा तळ काखेत आला पाहिजे. हा अंदाज झाला, वर बसल्यावर एखादं भोक इकडेतिकडे. चढण्यापुरती डावी रिकीब दोन-तीन भोकं लांब केली तर काही बिघडत नाही, बसल्यावर वर घ्या. तुमच्या उंचीला याचा लगेच फरक पडेल.

आता क्रम. घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभे राहा, तोंड शेपटीकडे. लगाम डाव्या हातात, तोंडाशी हलका संपर्क राहील एवढाच आखूड. फार आखूड धरला तर घोडा मागे सरतो किंवा पुढचे पाय उचलतो. फार सैल सोडला तर चालू पडतो. त्याच डाव्या मुठीत खोगिराच्या पुढची आयाळ धरा, मूठभर, मुळापासून. आयाळ ओढल्यानं घोड्याला तुम्हाला वाटतं तेवढा त्रास होत नाही. खोगीर ओढलं की मात्र ते फिरतं.

उजव्या हातानं रिकीब स्वतःकडे वळवून डावा पाय चवड्यापर्यंत आत. पायाचा अंगठा घोड्याच्या बरगडीत नाही, तंगाच्या दिशेनं खाली. तुमचा घोडा पाय ठेवताक्षणी चालू पडतो, त्याचं अर्धं कारण इथेच असू शकतं. बुटाचं टोक त्याच्या पोटात खुपसलं जातंय आणि त्याला ती "चल" अशी खूण वाटते.

मग उजवा हात खोगिराच्या पलीकडच्या बाजूला, पुढच्या उंचवट्याजवळ. मागचा उंचवटा धरायची सवय बहुतेकांना असते. ती सोडाच. एक तर त्यामुळे खोगीर आणि त्याचा सांगाडा दोन्ही पिळले जातात. दुसरं, पाय ओलांडताना तो हात मध्येच काढावा लागतो, म्हणजे नेमक्या अवघड क्षणी तुमचा एक आधार जातो.

उजव्या पायावर एक-दोन छोट्या उड्या, तिसऱ्याला वर. जोर वरच्या दिशेनं. डावा गुडघा खोगिराला चिकटलेला. शरीर घोड्यापासून जितकं लांब जाईल तितकं खोगीर तुमच्याकडे येईल. डावा पाय सरळ झाला की छाती आयाळीवर झुकवा आणि क्षणभर थांबा. बूट पुठ्ठ्याला लागतो तो ही पायरी गाळल्यामुळे. लोक चढत चढतच पाय फेकतात, तेव्हा कंबर अजून खालीच असते. आधी पूर्ण उंची मिळवा, मगच उजवा पाय गुडघा सरळ ठेवून वरून आणा.

बसायचं हळू. वजन मांड्यांवर आणि डाव्या रिकिबीत धरून अलगद टेका. धपकन बसलात तर काही घोडे पाठ खाली टाकतात आणि मग उसळतात. थंड पाठीचा, म्हणजे पाठीवर वजन येताच ताठरणारा घोडा असेल तर हमखास.

घोडा मध्येच हलला तर? नियम सोपा आहे, पण आधी ठरवून ठेवा, त्या क्षणी विचार होत नाही. उजवा पाय अजून पुठ्ठ्यावरून गेलेला नसेल तर खाली. डावा पाय रिकिबीतून काढा, घोड्यापासून स्वतःला ढकला, दोन्ही पायांवर गुडघे वाकवून उतरा. पाय ओलांडून गेला असेल तर पुढेच जा, बसा, उजवी रिकीब शोधत बसू नका. एका बाजूचा लगाम हळू आखूड करून त्याचं डोकं वळवा आणि छोट्या वर्तुळात फिरवत थांबवा. खाली उतरल्यावर घोडा उधळला तर लगाम सोडून द्या. लगाम कधीही हाताला गुंडाळायचा नाही.

साईसमित्र

मुख्य प्रश्न घोड्याचा आहे, त्याच्या बाजूनं लिहितो.

रेसचा घोडा आयुष्यभर काय शिकलेला असतो? जॉकी रिकिबीत पाय घालून चढत नाही. कोणी तरी त्याची डावी नडगी धरून त्याला वर उचलतं, आणि बहुतेक वेळा घोडा चालत असतानाच. म्हणजे पाठीवर वजन आलं की निघायचं, हेच त्याचं शिक्षण. महालक्ष्मीच्या ट्रॅकवरून सुटलेले बरेच घोडे पुढे शिकवणीला येतात, आणि मुंबईत नवशिक्याला मिळणारा थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा) बहुधा असाच असतो. तो द्वाड नाही. त्याला उभं राहायला कोणी शिकवलेलंच नसतं.

शिकवता येतं, रोज १० ते १५ मिनिटं, साधारण दोन आठवडे. ओट्याशेजारी उभा करा. हलला तर रागावू नका, शांतपणे त्याच जागी मागे आणा. रिकीब हलवा, थांबा, मानेवर हात फिरवा. पाय घाला, काढा. हे वीसेक वेळा. मग वजन टाकून उभे राहा, उतरा. मग पूर्ण चढा आणि मनात दहा मोजेपर्यंत काहीही करू नका. वरून गाजराचा तुकडा द्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. त्याला मान वळवावी लागते, म्हणून पाय थांबतात. दहा झाल्यावर तुम्ही टाच लावली तरच निघायचं. बरेच जण इथे घाई करतात. चढल्या चढल्या निघतात आणि घोड्याची जुनी सवय स्वतःच पक्की करतात.

पण त्याआधी दुखणं नाही ना, हे बघा. तंग कसताना कान मागे पाडतो, शेपूट झटकतो, वळून चावायला येतो, असं असेल तर शिकवणी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. रेसच्या घोड्यांत पोटाचे अल्सर सर्रास आढळतात. खोगीर टोचत असेल तर पाठीवर हात फिरवताना तो दबतो किंवा कातडी थरथरते. दुखणाऱ्या पाठीला "उभा राहा" शिकवणं हा अन्याय आहे.

तोवर माणूस धरायला हवा, आणि तो कुठे उभा राहतो ते महत्त्वाचं. घोड्याच्या थेट समोर नाही. डोक्याजवळ, उजव्या बाजूला. घोड्याकडे तोंड करून उजव्या हातानं लगाम गालाच्या पट्टीजवळ धरायचा, तोंडातल्या लोखंडाला लटकायचं नाही. डाव्या हातानं उजवी रिकीब खाली ओढून धरायची. ओढ तुम्ही वजन टाकता त्याच वेळी यायला हवी आणि तुमच्या वजनाच्या बेतानं. आधीच जोरात ओढली तर खोगीर पलीकडे जातं. दोघांनी आधी बोलून घ्या: तीन म्हटल्यावर.

वजनाचा अंदाजही घ्या. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. तुमचे ७८ आणि खोगिराचे ८ धरले तर ८६ किलो, म्हणजे घोडा निदान ४३० किलोचा हवा. १६ हाताचा थरोब्रेड तेवढा असतो. छोट्या घोडीवर बसवलं तर मात्र विचारा.

मांडपक्की

साईसमित्र, एका मुद्द्यावर मत वेगळं आहे. धरायला माणूस नसेल तेव्हा कुठला लगाम किंचित आखूड ठेवायचा? जुन्या पद्धतीत उजवा आखूड ठेवायला सांगतात, म्हणजे घोडा वळून चावत नाही आणि हलला तर त्याचं मागचं अंग तुमच्याकडे येतं, तुमच्यापासून दूर जात नाही. मला हेच पटतं.

साईसमित्र

चावऱ्या घोड्याला बरोबर. पण चालू पडणाऱ्या घोड्याला मी डावा किंचित आखूड ठेवायला सांगेन. नाक तुमच्याकडे वळलेलं असलं की तो सरळ पळू शकत नाही, तुमच्याभोवती फिरतो, आणि तुम्हाला उतरायला वेळ मिळतो. तोटा हा की पुठ्ठा तुमच्यापासून दूर जातो, म्हणून खोगीर जरा लांब पडतं. दादर_पूर्व यांचा घोडा चालू पडणारा आहे, चावणारा नाही. दोन्ही पद्धतींत लगाम किंचितच आखूड, बोटभर. मान वाकडी करून धरायची नाही.

चामडं_आणि_टाका

पाय अडकण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. घोड्यावरून पडणं एक वेळ परवडतं. पाय रिकिबीत अडकून फरफटत जाणं जीवघेणं असतं, आणि चढताना-उतरतानाच ते घडायची शक्यता जास्त, कारण तेव्हा सगळं वजन एकाच रिकिबीत असतं.

रिकीब बुटापेक्षा साधारण एक इंच रुंद हवी, दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच. याहून अरुंद असेल तर बूट फसतो. फार रुंद असेल तर आख्खा पाऊल पलीकडे निघून घोट्यात अडकतं. मोठ्या माणसांच्या खोगिरावर मुलांना बसवतात तेव्हा हेच होतं. बुटाला एक इंचाची टाच हवी आणि तळवा गुळगुळीत. स्पोर्ट्स शूजना टाच नसते आणि तळ खाचांचा असतो, म्हणजे आत जायला सोपे आणि बाहेर यायला अवघड. सॅंडल, चपला, क्रॉक्स अजिबात नकोत.

खोगिराच्या पाख्याखाली, पट्टा अडकवतात त्या लोखंडी दांडीच्या टोकाला एक छोटी खटकी असते. ती आडवी, म्हणजे उघडीच ठेवायची. वर वळवून बंद केली तर पडल्यावर पट्टा मागे सरकून सुटत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत ही खटकी गंजून वरच अडकलेली खूपदा सापडते. महिन्यातून एकदा पट्टा काढून तिथे तेलाचा थेंब टाका, बोटानं खालीवर करून बघा.

मुलांसाठी बाहेरच्या बाजूला रबराची गोल पट्टी असलेली सुरक्षा-रिकीब मिळते. रबर नेहमी बाहेरच्या, म्हणजे घोड्यापासून दूरच्या बाजूला. उलटी लावली तर तिचा उपयोग नाही. रबरही आपल्या उन्हात तडकतं, एक जोडी जास्तीची ठेवा.

रानवाट

चांगला धागा. मुलगी १० वर्षांची आहे, दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला जातोय. तिला घोड्यावर बसवायचं आहे. तिथे क्लाससारखी तयारी नसणार. निदान काय बघावं?

साईसमित्र

तिथली घोड्यांची सवारी चालत्या पावलानं आणि घोडेवाल्याच्या हातात असते, हे चांगलं. तरी चढण्या-उतरण्याची जागा तुम्ही निवडा. गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात, तिथे गर्दीत, सामानात आणि हमालांच्या मध्ये घोडा उभा असतो. त्याला दहा पावलं बाजूला न्यायला सांगा. जांभ्या दगडाचा पक्का कठडा किंवा पायरी जवळ असेल तर तिचा ओटा करा. उतार असेल तर घोडा आडवा उभा करा, डावी बाजू चढाकडे. सहा-आठ इंच आयते मिळतात.

तंग तुमच्यासमोर कसायला सांगा, लाजू नका. मुलीचे पाय रिकिबीपर्यंत पोचतात का बघा. पोचत नसतील तर पाय पट्ट्यांच्या फटीत खुपसायला कोणी सांगेल. ते अजिबात करू देऊ नका, पडली तर पाय तिथेच अडकेल. पाय मोकळे सोडलेले बरे आणि मग सवारी अगदी छोटी. ओढणी, गळ्यातली पाण्याची बाटली, लांब पट्ट्याची पर्स खाली ठेवायची. बूट मागे टाच असलेले. हेल्मेट घरून न्या. चढताना फोटो नाही, बसून लगाम किंवा पुढची मूठ धरल्यावर काढा. दोन मुलं एका घोड्यावर नकोत.

उतरताना बरेच जण चुकतात. एक पाय रिकिबीत ठेवून खाली यायचं नाही. दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढायचे, पुढे झुकायचं, उजवा पाय मागून आणायचा, पोटावर सरकत दोन्ही पायांवर एकदम उतरायचं, गुडघे वाकवून. मुलीला घरी सोफ्याच्या हातावर दोन-चारदा करायला लावा.

गिरगाव_गल्ली

वरातीच्या घोडीबद्दलही लिहाच कोणी तरी. लग्नाचा मोसम आलाय आणि नवरदेवाला घोड्यावर चढवायची पद्धत बघून काळजी वाटते.

मांडपक्की

खरं आहे. तिथे सगळेच धोके एकत्र येतात. नवरदेवानं बहुधा आयुष्यात पहिल्यांदा घोडा जवळून पाहिलेला, अंगावर घट्ट शेरवानी, पायात टाच नसलेली मोजडी, कमरेला तलवार, आणि बाजूला बँड.

डावीकडूनच का चढतात याचं कारण या तलवारीतच आहे. उजव्या हाताचा माणूस तलवार डाव्या कमरेला बांधतो. उजवीकडून चढला तर ती पायात येईल. म्हणून डावा पाय रिकिबीत आणि उजवा पाय वरून. तरी नवरदेवानं तलवार कमरेला बांधून चढायचं नाही. खाली कोणाकडे द्यायची, बसल्यावर हातात घ्यायची. शेला आणि उपरण्याचं टोक कमरेत खोचायचं. शेरवानीला बाजूची चीर नसेल तर पाय ओलांडणार नाही, ते शिवतानाच शिंप्याला सांगा.

प्लॅस्टिकची खुर्ची ओटा म्हणून वापरतात, ती बंद करा. एका कडेवर वजन आलं की ती निसटते आणि घोडीचा पाय तिच्या पायांत अडकला की ती घाबरून उडते. मंडपवाल्याकडे लाकडी पायरी असते, भक्कम, बाजूंनी बंद. ती मागवा. चढणं होईपर्यंत ढोल आणि बँड पूर्ण बंद, फटाके किमान त्या रस्त्यावर नाहीतच. चढवताना घोडीच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, नाचणारेही नाहीत. छोट्या भाच्याला नवरदेवाच्या पुढे बसवतात, ते टाळाच. त्याला धरायला काही नसतं, आणि घोडी उधळली तर नवरदेवाचे हात त्याला धरतील की लगाम?

साईसमित्र

मूळ प्रश्नात पडण्याबद्दल विचारलं होतं, पडल्यावर काय करायचं ते सांगतो. डोक्यावर आपटला असेल, मान-पाठ दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा क्षणभरही भान गेलं असेल, तर उठवून बसवू नका, हेल्मेट काढू नका, पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा. घोडा आधी कोणी तरी दूर न्यावा. उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, डोकेदुखी वाढत जाणं, ही मेंदूला मार बसल्याची लक्षणं आहेत, ती काही तासांनीही येतात. त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचं नाही. "पडल्यावर लगेच परत बसावं म्हणजे भीती जाते" हा सल्ला डोक्याला लागलेल्या माणसाला देऊ नये. आपटलेलं हेल्मेट बाहेरून साबूत दिसलं तरी बदला. आतला थर दबून गेलेला असतो, दुसरा मार तो सोसत नाही.

दादर_पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. आज पाखा उचलून बघितला. तंग दुसऱ्या-तिसऱ्या वादीलाच लावलेला होता, आणि डावा पट्टा उजव्यापेक्षा पाऊण इंच लांब. दोन्ही दुरुस्त करून घेतलं. खटकी वर अडकलेली होती, तीही सोडवली. ओटा आता मीच करून आणणार आहे. कसा, किती उंच, हे सांगाल का? आणि ओटा नसेल तेव्हा नडगी धरून वर उचलण्याची पद्धत मोठ्या माणसाला चालते का?

चामडं_आणि_टाका

दोन पायऱ्यांचा करा. वरची पायरी जमिनीपासून ५० ते ५५ सेंटिमीटर, खालची त्याच्या निम्मी. वरची जागा निदान ४५ बाय ४५, दोन्ही पाय नीट मावतील आणि वळता येईल अशी. बाजू फळीनं पूर्ण बंद, म्हणजे खूर आत जाणार नाही. कडा घासून गोल. वर खरखरीत पट्टी लावा, पावसाळ्यात ओल्या लाकडावरून बूट सुटतो. स्टूल, क्रेट, पेव्हर ब्लॉकची चळत यांपैकी काही नको.

ठेवायचा तो घोड्याला समांतर, वीतभर अंतरावर, तंगाच्या रेषेत. फार जवळ ठेवला तर घोडा त्याला गुडघा आपटतो. दूर ठेवला तर तुम्ही पुन्हा बाजूनं लटकता. ओट्यावरून चढताना तोंड घोड्याच्या डोक्याकडे असलं तरी चालतं, कारण उंची आधीच मिळालेली असते.

मांडपक्की

उचलणं चालतं, पण उचलणाऱ्याला ते येत असेल तरच. तुम्ही घोड्याकडे तोंड करून उभे राहा, डावा गुडघा मागे काटकोनात दुमडा. मदतनीस डावा हात तुमच्या गुडघ्याखाली आणि उजवा घोट्यापाशी धरेल. तीनच्या मोजणीला तुम्ही उजव्या पायानं उडी मारायची आणि डावा गुडघा काटकोनातच घट्ट ठेवायचा. तो सैल पडला की सगळं वजन त्याच्या हातात लोंबतं. त्यानं सरळ वर उचलायचं, घोड्याच्या दिशेनं फेकायचं नाही. फेकलं तर माणूस पलीकडच्या बाजूला डोक्यावर पडतो. ७८ किलो एकट्यानं उचलताना त्याची पाठही सांभाळा, पाठ ताठ आणि गुडघे वाकवून. तुमच्या घोड्याला ही पद्धत ओळखीची आहे, म्हणून तो त्याच क्षणी चालू पडेल हे धरूनच चाला, आणि डोक्याजवळ दुसरा माणूस असल्याशिवाय हे करू नका.